बाटलीतील आंबील का फुगते? नैसर्गिक वायूचे गणित समजून घ्या

दुधनी, अक्कलकोट परिसरात उन्हाळ्यात ज्वारीची आंबील घरोघरी होते. सीमेपलीकडे कर्नाटकात तिलाच अंबली म्हणतात. बचत गटाने ती बाटलीत भरून विकायचे ठरवल्यास पहिली अडचण येते ती फुगलेल्या बाटलीची.

वायू कोठून येतो?
ज्वारीचे पीठ रात्रभर भिजवल्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आंबटपणा आणतात. त्यातील काही जिवाणू व यीस्ट साखर वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात. उघड्या भांड्यातून हा वायू निघून जातो. घट्ट झाकणाच्या बाटलीत मात्र तो पेयात विरघळतो आणि दाब वाढतो. शिजवताना बहुतेक सूक्ष्मजीव मरतात. पण नंतर ताक घातले की जिवंत जिवाणू पुन्हा येतात. गूळ घातल्यास त्यांना आयते खाद्य मिळते.

लागर बिअरमध्ये काय करतात?
मोड आणलेल्या बार्लीपासून होणारी लागर साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला आंबवतात. आंबणे पूर्ण झाल्यावर मोजून साखर घालून बाटली बंद केली, की उरलेले यीस्ट त्यात फेस आणते. १ ग्रॅम साखरेपासून सुमारे अर्धा ग्रॅम वायू मिळतो. लागरमध्ये लिटरला साधारण ५ ग्रॅम वायू असतो. त्यातील काही आधीच विरघळलेला असल्याने लिटरला ५ ते ७ ग्रॅम साखर पुरते. म्हणजे येथे आंबणे संपलेले असते आणि साखर मोजलेली असते. आंबिलीत या दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून धोका जास्त. (महाराष्ट्रात विनापरवाना बिअर तयार करणे दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.)

उष्णतेचा परिणाम
वायू तेवढाच असला तरी बाटली २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास आतील दाब जवळपास दुप्पट होतो. शिवाय उष्णतेत आंबण्याचा वेगही वाढतो. दुपारच्या उन्हात दुधनीहून सोलापूरला नेलेली काचेची बाटली त्यामुळे फुटू शकते.

काय काळजी घ्यावी?
- ताक व गूळ बाटलीत घालू नये. पिण्याच्या वेळी मिसळावे.
- शिजवलेली आंबील निर्जंतुक केलेल्या बाटलीत भरून लगेच थंड करावी व ५ अंशांखाली ठेवावी.
- काचेची बाटली टाळावी. खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिक बाटली दाबून पाहता येते. ती टणक लागल्यास आत वायू साठला आहे असे समजावे.
- अशी बाटली आधी थंड करावी, तोंड दूर धरून झाकण हळूहळू सैल करावे व पेय टाकून द्यावे.
- वाहतूक सकाळी, बर्फाच्या पेटीतून करावी.
- किती दिवस टिकते हे प्रयोगशाळेत तपासूनच लेबलवर लिहावे. विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा नोंदणी करावी.