गोंदियाच्या अंगणांतील हिरवें कुंपण

विलायती बागकामाच्या पुस्तकांत ‘बॉक्सवुड’ नांवाच्या झुडपाचें वर्णन हमखास आढळतें. पान लहान, चकचकीत व बारमास हिरवें, वाढ सावकाश, आणि माळी कातरून देईल तो आकार तें वर्षानुवर्षें धरून ठेवतें. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेंत वाफ्यांभोंवतीं जी हिरवी नक्षी दिसते, ती याच झुडपाची. तीं चित्रें पाहून आपल्याही फाटकाशीं तें असावें असें पुष्कळांना वाटतें. परंतु झाड लावण्यापूर्वीं त्याचें माहेर विचारावें.

बॉक्सवुडचें माहेर थंड मुलखांत. आपल्या देशांत त्याची एक जात आहे, पण ती हिमालयाच्या उतारांवर. तेथें तिला चिक्री म्हणतात व तिच्या घट्ट लांकडाच्या फण्या करतात. या झुडपाच्या मुळ्या जमिनीच्या वरच्या थरांतच पसरतात. गोंदियाकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि तो थर तव्यासारखा तापतो. पावसाळ्यांत धानाच्या या मुलखांतली जमीन दिवसेंदिवस ओली राहते. हा ताप आणि ही दलदल त्याला सोसत नाहीं. म्हणून त्याचें काम करणारीं जीं दोन झुडपें आपल्याकडे आहेत, तीं घ्यावीं: मेंदी आणि कुंती.

मेंदीला भर ऊन मानवतें आणि मुळ्या धरल्यावर ती थोड्या पाण्यावर भागवते. कुंतीला कित्येकजण कामिनी म्हणतात. तिचें पान बॉक्सवुडसारखेंच गर्द. इंग्रजींत तिला ‘चायनीज बॉक्स’ असें नांवही आहे. ती थोडी सावली सोसते आणि तिच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध रात्रीं घरांत येतो. पण एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. कुंती लिंबू-संत्र्यांच्या कुळांतली आहे. लिंबूवर्गीय झाडांना ‘ग्रीनिंग’ नांवाचा असाध्य रोग लावणारा सायला हा बारीक कीटक कुंतीवरही वाढतो. तो अंडीं घालतो कोंवळ्या पालवीवर. आणि कुंपण कातरलें कीं नवी पालवी फुटतेच. म्हणजे लिंबाच्या शेजारीं कुंतीचें कुंपण कातरीत राहणें हें त्या कीटकाला पुन्हां पुन्हां जेवावयास बोलावण्यासारखें आहे. ज्यांच्या अंगणांत लिंबू वा संत्रें आहे, त्यांनीं मेंदीच लावावी.

लागवडीसाठीं मे महिन्यांत दीड फूट खोल व तितकाच रुंद चर खणून उन्हांत तापूं द्यावा. नंतर माती, कुजलेलें शेणखत आणि वाळवीसाठीं थोडी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा. जेथें पाणी सांचतें तेथें चराऐवजीं वरंबा करावा. पाऊस स्थिरावल्यावर मेंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या किंवा कुंतीचीं रोपें दोन ओळींत, एकेका फुटावर लावावीं. दुसऱ्या ओळींतलें रोप पहिल्या ओळींतल्या दोहोंच्या मधोमध यावें.

खरी कसोटी यापुढें आहे. रोप फूटभर झालें कीं तें निम्म्यावर छाटावें. वाढतें रोप कापावयास हात धजत नाहीं, हें स्वाभाविक आहे; परंतु शेंड्याचा कोंब खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, तो काढला म्हणजेच बाजूच्या फांद्या फुटतात. पुढें दर सहा इंच वाढीला थोडथोडें कातरीत जावें. कुंपण छातीएवढें झाल्यावर प्रथम कातरलें, तर तें वर दाट व खालीं उघडें राहतें, आणि शेळीला तेवढी वाट पुरते. आकार तळाशीं रुंद व माथ्याशीं अरुंद असावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतें.

एप्रिल-मे मध्यें मात्र कात्री ठेवून द्यावी. नाहींतर झांकलेल्या फांद्या उघड्या पडून उन्हानें करपतात. त्या दिवसांत रोज शिंपडण्यापेक्षां चार-पांच दिवसांनीं भरपूर पाणी द्यावें आणि बुंध्याशीं धानाचा पेंढा पसरावा. पहिलीं दोन वर्षें एवढी काळजी घेतली, तर पुढें वर्षांतून तीन-चार वेळां कातरणें, एवढेंच काम उरतें.