खाऱ्या वाऱ्यात जुनी जर्मन गाडी

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकहून परतलेल्या खेळाडूंना हैदराबादेत सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू गाड्यांच्या चाव्या मिळाल्या. पी. व्ही. सिंधू, साक्षी मलिक आणि जिम्नॅस्ट दीपा कर्माकर यांचे हसरे फोटो देशभर छापून आले. दोन महिने होत नाहीत तोच बातमी आली, की दीपाच्या घरच्यांना ती गाडी नकोशी झाली आहे. त्रिपुरातल्या आगरतळ्यात बीएमडब्ल्यूचं सेवाकेंद्र नव्हतं आणि तिथल्या रस्त्यांवर ती सांभाळणं अवघड होतं. शेवटी गाडीऐवजी पैसे घेऊन दीपाने ह्युंदाईची एलान्ट्रा घेतली.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेऊ पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी ऐकावी. गाडी परवडणं आणि ती चालती ठेवणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. दीपाला गाडी फुकट मिळाली होती, तरी दुसरा हिशेब जुळला नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीला विमान उतरू लागलं. मुंबई-गोवा महामार्गाचा खारेपाटण ते बांदा हा टप्पा चौपदरी झाल्यावर मोठी गाडी बाळगण्याची हौसही वाढली. हॉटेलवाले, आंबा बागायतदार, आखातातून किंवा मुंबईहून गावी परतलेले लोक आता जुन्या जर्मन सेडानची चौकशी करू लागले, तर नवल नाही. भावही मोहात पाडणारा असतो.

गाडी उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

जर्मन सेडान साधारण चार-पाच वर्षांत निम्मी किंमत गमावते. आठ-नऊ वर्षांची गाडी एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते. पहिला मालक वॉरंटी संपत आली की गाडी काढतो, त्यातच नवं मॉडेल आलेलं असतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दुरुस्तीच्या खर्चाची धास्ती असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासह ४८ ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांचे दर लाखांनी उतरले. जुन्या गाडीचा भाव करताना विकणारा बहुधा त्याआधीची शोरूम किंमत सांगतो. घेणाऱ्याने आजच्या नव्या दरापासून मोजायला सुरुवात करावी.

सुट्या भागांचं मात्र तसं होत नाही. साठ लाखांची गाडी वीस लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलाइट, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक भाग किंवा एअर सस्पेन्शनचा फुगा साठ लाखांच्या गाडीच्याच दराने येतो. म्हणून खरेदीच्या रकमेपैकी निदान पंधरा-वीस टक्के पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत. तेवढी शिल्लक उरत नसेल, तर गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असं समजावं.

या गाड्यांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. मर्सिडीजने १९९५ मध्ये टेल्कोच्या साथीने पिंपरीत ई-क्लास जोडायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात तयार होतात. बीएमडब्ल्यूचा कारखाना चेन्नईजवळ २००७ पासून चालू आहे. याच संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींच्या त्या सौद्याची चर्चा देशभर झाली. त्या पिढीच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ मध्ये संपली. त्यातली एखादी आज कुणी स्वस्तात देऊ केली, तर फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हा खर्च घेणाऱ्याच्या माथी येतो.

तीन कंपन्या, तीन स्वभाव

‘मर्सिडीज चांगली की बीएमडब्ल्यू?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही. कुठल्या वर्षाची, कुठल्या इंजिनाची आणि कुठल्या गिअरबॉक्सची, असं विचारलं की उत्तर देता येतं.

बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ या काळातल्या दोन लिटर डिझेल इंजिनात, ज्याला कंपनी एन४७ म्हणते, टायमिंग चेन झिजण्याची तक्रार जगभर झाली. ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची तर बहुतेक वेळा इंजिन खाली उतरवावं लागतं. थंड इंजिन चालू करताना मागच्या बाजूने खरखर आली, तर ती गाडी तिथेच सोडावी. पुढे आलेलं बी४७ इंजिन यात पुष्कळ सुधारलेलं आहे. त्याच्या जोडीचा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक तिन्ही कंपन्यांत सर्वांत भरवशाचा मानला जातो. मात्र त्याचं तेल ‘जन्मभर चालतं’ या बोलण्यावर विसंबू नये. झेडएफ स्वतः साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते.

ऑडीच्या २००८ ते २०१५ च्या ए४ आणि ए६ मध्ये, विशेषतः पुढची चाकं ओढणाऱ्या मॉडेलांत, मल्टिट्रॉनिक नावाचा सीव्हीटी गिअरबॉक्स असे. तो बिघडला की दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या अंगावर येतं. त्याच काळातल्या १.८ आणि २.० लिटर पेट्रोल इंजिनांची जास्त तेल पिण्याबद्दल ख्याती आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेली ए४ ही वेगळीच गाडी आहे. तिचं १.४ लिटर पेट्रोल इंजिन आणि तेलात बुडालेल्या दोन क्लचांचा सात गिअरचा एस-ट्रॉनिक, ही जोडी तुलनेने निर्धोक आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ आल्यापासून ऑडीने भारतात डिझेल बंदच केलं. त्यामुळे डिझेल ऑडी हवी तर ती त्याआधीचीच मिळणार.

मर्सिडीजचं बलस्थान म्हणजे आराम, आणि पुण्यात बनत असल्यामुळे राज्यभर पसरलेली सेवा. २०१७ मध्ये आलेली लांब ई-क्लास मागे बसणाऱ्यांसाठीच घडवली आहे. तिची दोन चाकांमधली लांबी मूळ गाडीपेक्षा १४० मिलिमीटरने जास्त आहे. पण पाच मीटरहून लांब असलेली ही गाडी देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर समोरून एसटी आली की मागे घ्यावी लागेल, हेही ध्यानात असावं. २०१४ च्या सी-क्लासमध्ये बोनेटसह बाहेरचे बरेच पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियमची ठोकाठोक आणि वेल्डिंग गावातल्या डेंटिंगवाल्याकडे होत नाही. लहानशा धडकेनंतरही गाडी गोव्याला किंवा कोल्हापूरला न्यावी लागते.

समुद्राची बाजू

पुण्यात उत्तम ठरलेली गाडी मालवणात तशीच राहील, असं नाही. देवबाग एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांमधली चिंचोळी पट्टी आहे. तिथल्या अंगणात उभी गाडी रात्रंदिवस मिठाची हवा खाते. पावसाळ्यात चार महिने ओल हटत नाही. या हवेत आधी जातात ते एसीचा कंडेन्सर, ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सरचे जोड आणि एबीएसच्या सेन्सरचे प्लग. वरचा रंग चकाकत असतो आणि खाली गंजाने घर केलेलं असतं.

पत्र्याच्या बाबतीत ऑडीचा इतिहास चांगला आहे. तिने १९८५ पासूनच ऑडी १०० या मॉडेलला पूर्ण जस्ताचा मुलामा दिला. याउलट १९९५ ते २००२ च्या मर्सिडीज ई-क्लासची, म्हणजे डब्ल्यू२१० पिढीची, गंजाबद्दल जगभर बदनामी झाली. जुन्या देखण्या गाड्यांचे शौकीन अजून ती शोधतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. अलीकडच्या पिढ्यांत तिन्ही कंपन्यांचा पत्रा चांगला आहे, पण अपघातानंतर बाहेर बदललेल्या पत्र्याला ते संरक्षण राहत नाही. म्हणून रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावून घ्यावं आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी.

पूर हा दुसरा धोका. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि २०१९ आणि २०२१ असा दोनदा कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढा घातला. पाण्यात गेलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. जर्मन गाडीत अनेक कंट्रोल युनिट सीटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. त्यांत शिरलेलं पाणी वर्षभरानंतरही त्रास देऊ शकतं. तपासणी अवघड नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ दिसते का पाहावी, कार्पेट उचलून हात फिरवावा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघावं आणि विमा कंपनीकडून जुन्या दाव्यांची माहिती मागावी.

रस्त्याचाही विचार हवा. आंबोली, करूळ आणि फोंडा घाटांच्या ओल्या वळणांवर बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजची मागची चाकं ओढतात, ऑडीच्या साध्या मॉडेलांत पुढची. नव्या टायरवर फरक फारसा जाणवत नाही. झिजलेल्या टायरवर, जांभ्याच्या चढणीवर, शेवाळलेल्या अंगणात तो चटकन कळतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही त्या ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत साधारण ८० किलोमीटर जातात. मालवणहून कुडाळ किंवा कणकवली गाठायला एवढं पुरतं. पण त्या मापाचा टायर तिथे तयार मिळेलच असं नाही.

आधी स्कॅनर, मग कागद

सौद्याआधी चेसिस क्रमांक घेऊन कंपनीच्या सेवाकेंद्रात सर्व्हिसच्या नोंदी पाहाव्यात. सिंधुदुर्गकरांना त्यासाठी गोवा जवळ पडतो. तिथे तिन्ही कंपन्यांची केंद्रं आहेत. मीटर मागे फिरवलेला असला, तर स्कॅनर लावल्यावर तो बहुधा पकडला जातो, कारण किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर युनिटांतही राहते. कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांतून, म्हणजे मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन किंवा ऑडी अप्रूव्हड प्लसमधून, गाडी महाग मिळते. पण ती तपासलेली असते आणि सोबत वॉरंटी येते. सेवाकेंद्रापासून शंभर किलोमीटरवर राहणाऱ्याने ते जादा पैसे देणं शहाणपणाचं आहे. बाहेरच्या व्यापाऱ्याकडून घेताना त्याची आरटीओकडे नोंदणी आहे का, हे विचारावं. १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे.

दिल्लीची डिझेल गाडी फार स्वस्त सांगितली जाते. त्याचं कारण उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे नियमांत फेरबदल झाले, तरी तिकडच्या गाड्या इतर राज्यांत येण्याची वाट पडून गेली. अशा गाडीला ना-हरकत दाखला, पोलीस तपासणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. गोव्याच्या पाटीची गाडी घेतली, तरी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर ओरोसच्या आरटीओत एमएच-०७ क्रमांक घ्यावाच लागतो. राज्यातल्याच गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरून, कर्ज असल्यास फॉर्म ३५ सह, नावबदल करायचा असतो. विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही. तो त्याच्याकडेच राहतो.

मग घ्यावी कोणती?

मालवण-कुडाळ-कणकवली अशा लहान फेऱ्या असतील, तर बीएस६ डिझेल टाळावं. त्याचा धूर गाळणारा फिल्टर साफ व्हायला लांब, सलग धाव लागते. या वापराला २०१६ नंतरची पेट्रोल ए४ सर्वांत योग्य. दर महिन्याला मुंबई-पुणे करणाऱ्याने २०१६ नंतरची ३२०डी घ्यावी, किंवा २०१८ नंतरची नव्या इंजिनाची सी २२० डी पाहावी. आई-वडिलांना मागे आरामात बसवून न्यायचं असेल आणि अंगण ऐसपैस असेल, तर लांब ई-क्लास, पण एअर सस्पेन्शन नसलेली. तिघींपैकी कुठलीही घेतली तरी पहिल्या महिन्यात इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक फ्लुइड, कूलंट बदलून घ्यावं आणि खालून गंजरोधक थर मारून घ्यावा. विम्याच्या साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड मे महिना संपायच्या आत घ्यावी.