लक्षद्वीपचे पाळणे

केरळच्या किनाऱ्यापासून सव्वादोनशे ते साडेचारशे किलोमीटरांवर अरबी समुद्रात विखुरलेल्या ज्या छत्तीस प्रवाळद्वीपांना लक्षद्वीप म्हणतात, त्यांची सारी भूमी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते, आणि त्यांतील दहा बेटांवरच काय ती वस्ती आहे. (नाव ठेवणाऱ्याने बेटे बोटांवर मोजली नसावीत!) खानेसुमारीच्या दप्तरात १९०१ साली येथील रयत १३,८८२ होती, ती १९५१ साली २१,०३५ झाली, म्हणजे अर्धशतकात भर पडली ती सात हजारांची. १९५६ साली ही बेटे थेट केंद्राच्या अखत्यारीत आली, पुढे दवाखाने आणि शाळा आल्या, आणि १९९१ साली हाच आकडा ५१,७०७ वर पोहोचला.

या बेटांची कुटुंबव्यवस्था मात्र कोणत्याही आकड्यांहून नवलाची. प्रजा मुसलमान, तरी वारसा आईकडून. तरवाडाची, म्हणजे मातृवंशीय एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित मिळकत ‘शुक्रवारची’ आणि स्वकष्टार्जित मिळकत ‘सोमवारची’, असा तेथील मलयाळी बोलीचा सुटसुटीत निवाडा. नवरा रात्री पत्नीच्या घरी यावा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परतावा, असा जुना रिवाज. गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी, मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटावरील ही रीत १९६९ साली ग्रंथरूपाने अभ्यासकांपुढे ठेवली. घर आपले आणि वारसा आपला असलेल्या स्त्रीच्या हाती शिक्षणही आले, की अपत्ये किती हवीत याचा निर्णय ती सरकारी फर्मानाची वाट न पाहता घेते, असे मला तरी वाटते.

१९९१ ते २००१ या दशकात १७ टक्क्यांनी वाढलेली लोकसंख्या पुढील दशकात सहा टक्क्यांनीच वाढून २०११ साली ६४,४७३ झाली. साक्षरता तेव्हा ९१ टक्क्यांपलीकडे गेली होती. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर एका स्त्रीमागे अपत्यांची सरासरी १.४ आढळली, पिढीची जागा पिढीने भरून काढण्यास सुमारे २.१ लागते.

असे असता २०२१ साली पंचायतींच्या नव्या नियमावलीचा जो मसुदा प्रसृत झाला, त्यात दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यास निवडणुकीस अपात्र ठरविणारे, आपल्या ग्रामपंचायतींना परिचित असलेले, कलम होते. ज्या बित्रा बेटावर २०११ साली सारी मिळून २७१ माणसे मोजली गेली, तेथे वगळायचे कोणाला आणि उभे करायचे कोणाला, हा हिशेब मसुदा लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.