श्वसन विकारांतील प्रतिजैव चिकित्सा

श्वसन तंत्राच्या सूक्ष्मजंतुजन्य रोगांवर प्रतिजैव पदार्थ (सूक्ष्मजंतूंचा नाश करणारी वा त्यांची वाढ रोखणारी पेनिसिलिनासारखी औषधे) वापरून केलेल्या उपचारास ही संज्ञा लावतात. सर्दी, इन्फ्ल्यूएंझा व तीव्र श्वासनलिकाशोथ हे विकार बहुतांशी व्हायरसांमुळे होतात व व्हायरसांवर प्रतिजैवांचा परिणाम होत नाही. न्यूमोनिया मात्र पुष्कळदा सूक्ष्मजंतुजन्य असून उपचाराअभावी तो प्राणघातक ठरू शकतो. ताप, खोकला व धाप ही लक्षणे दोहोंतही आढळत असल्याने औषधयोजनेचा निर्णय अवघड होतो. कफाचा पिवळा वा हिरवा रंग हा सूक्ष्मजंतुसंसर्गाचा खात्रीचा पुरावा नव्हे.

निदान : छातीच्या क्ष-किरण तपासणीबरोबरच कफाचे रंजन व संवर्धन करतात. यासाठी वापरण्यात येणारी रंजनक्रिया एच. सी. जे. ग्रॅम यांनी १८८४ मध्ये न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुस ऊतकाच्या अभ्यासातून प्रसिद्ध केली. संवर्धनाचा निष्कर्ष मिळण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. गंभीर रुग्णाबाबत तेवढी प्रतीक्षा धोक्याची असल्यामुळे नमुने घेऊन, संभाव्य जंतूंच्या अनुमानावरून औषध लगेच सुरू करतात.

रोगाची तीव्रता ठरविण्यासाठी मानसिक गोंधळ, रक्तातील यूरियाचे वाढलेले प्रमाण, मिनिटास ३० वा अधिक श्वसने, कमी रक्तदाब आणि ६५ वा अधिक वय यांना प्रत्येकी एक गुण देतात. एकूण गुण शून्य वा एक असल्यास बहुधा घरीच उपचार करता येतात; तीन वा अधिक असल्यास रोग तीव्र समजतात.

औषधयोजना : रुग्णालयाबाहेर जडलेल्या न्यूमोनियात न्यूमोकोकस हा प्रमुख जंतू होय. दाखल केलेल्या रुग्णास पेनिसिलीन वा सेफॅलोस्पोरीन वर्गातील औषधाला बहुधा ॲझिथ्रोमायसिनासारख्या औषधाची जोड देतात. कारण मायकोप्लाझ्मा या जंतूस कोशिकाभित्ती नसल्याने पेनिसिलीन त्यावर निष्प्रभ ठरते. दाखल झाल्यावर ४८ तासांनी वा नंतर उद्‌भवणाऱ्या न्यूमोनियात स्यूडोमोनस, क्लेब्सिएला इ. प्रतिरोधी जंतूंचा संभव अधिक असल्याने औषधे वेगळी निवडावी लागतात. दोन-तीन दिवसांनी निष्कर्ष पाहून औषध बंद करणे, अधिक मर्यादित क्रियेचे औषध देणे किंवा अंतःक्षेपणाऐवजी तोंडाने देणे यांचा विचार करतात. प्रकृती स्थिरावल्यास बहुधा पाच ते सात दिवसांचा उपचार पुरतो.

भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने विशेष दक्षता आवश्यक असते. फ्ल्युओरोक्विनोलोन वर्गातील औषधे क्षयजंतूंवरही क्रिया करतात. निदानापूर्वी ती दिल्यास रुग्णास तात्पुरता आराम वाटतो, खरे निदान लांबते व प्रतिरोधी जंतू निर्माण होऊ शकतात.

गैरवापर व नियंत्रण : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अहवालानुसार कोविड-१९ साठी रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सु. ८% रुग्णांनाच सूक्ष्मजंतूंचा सहसंसर्ग होता; प्रतिजैवे मात्र सु. ७५% रुग्णांना देण्यात आली. अशा वापराने त्या रुग्णांचा लाभ होत नाही, उलट प्रतिरोधी जंतू फैलावून पुढील रुग्णांवरील उपचार कठीण होतात. या संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैवांची नित्य वापराची, दक्षतेने वापरावयाची व राखीव अशी तीन गटांत विभागणी केली. भारतात २०१४ पासून काही प्रतिजैवांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांना बंधनकारक आहे. तथापि औषध केव्हा देऊ नये व केव्हा थांबवावे, हे रुग्णालयातील चिकित्सकाच्या निर्णयावरच अवलंबून राहते.