छपरावरचं ‘आलं का?’

एक जण कौलांवर, एक खिडकीत आणि तिसरा टीव्हीसमोर. वरून विचारणा व्हायची, ‘आलं का?’ आतून उत्तर जायचं, ‘मुंग्या आहेत, अजून जरा डावीकडे!’ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा आजचा रायगड कुलाबा जिल्हा होता. समुद्रापलीकडून येणारं ते चित्र पकडण्यासाठी किनाऱ्यावरचे अँटेना मुंबईकडे तोंड करून उभे असायचे.

त्या आरडाओरड्यात एक मोठी सोय होती. अँटेना बोटभर सरकला की मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, म्हणजे हाताने जे केलं त्याचं उत्तर लगेच मिळायचं. आजच्या डिश अँटेनाच्या छत्रीने ती सोय काढून घेतली आहे. डिजिटल संकेत एका मर्यादेखाली घसरला की चित्र थोडंसं बिघडत नाही, चौकटी-चौकटी होऊन नाहीसंच होतं. शिवाय संकेत ओळखून चित्र उभं करायला सेट टॉप बॉक्सला थोडा वेळ लागतो. वरचा माणूस भराभर छत्री फिरवत असेल तर नेमकी जागा येऊन निघूनही जाते आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ तसंच राहतं. लोकांना तंत्रज्ञान जमत नाही, हे म्हणणं मला मान्य नाही. यंत्र उत्तर देत नाही, ही खरी अडचण आहे.

खरं तर छत्री कुठे वळवायची, याचं उत्तर बरंचसं आधीच ठरलेलं असतं. दूरदर्शनच्या मोफत ‘डीडी फ्री डिश’ सेवेचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीवरून पाहता एकाच जागी असतो. अलिबागहून तो उत्तरेपासून सुमारे १३० अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला आणि क्षितिजापासून ५८ अंश वर आहे. श्रीवर्धनला गेलात तरी या आकड्यांत एका अंशाचाही फरक पडत नाही. छत्रीच्या पुढच्या दांडीवरचा, संकेत पकडणारा एलएनबीदेखील सुमारे ४६ अंश तिरका फिरवावा लागतो, कारण उपग्रहाच्या आडव्या-उभ्या लहरी आपल्यापर्यंत तिरक्या पोहोचतात.

म्हणजे किनाऱ्यावरच्या छत्रीची नजर समुद्राकडे नाही, सह्याद्रीकडे लागते. नागाव-चौलच्या वाडीत हा हिशेब कामाला येतो. छत्रीपेक्षा १५ मीटर उंच माड त्या दिशेला साडेनऊ मीटरच्या आत असेल, तर त्याच्या झावळ्या आड येणार. छत्री वाकडी करून उपयोग नाही, तिची जागाच बदलायला हवी.

दिशा शोधायला मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी अंतर आहे. ते मोजणारी वेधशाळा अलिबागलाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार आणि चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम मुंबईतल्या कुलाब्याहून इथे आणलं गेलं. ट्राममुळे वेधशाळेला जी भीती होती, तीच घरच्या होकायंत्राला लोखंडी खांब आणि पत्र्याची आहे. म्हणून चार पावलं लांब उभं राहून दिशा बघावी आणि समोरची एखादी खूण धरावी.

मग ओळंबा. खांब सरळ नसेल तर छत्री डावी-उजवीकडे वळवताना तिची उंचीही बदलते आणि दोन चुका एकमेकींत मिसळतात. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला उपग्रह जेमतेम तीन अंशांच्या पट्ट्यात नीट दिसतो आणि तिची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की एक अंश बदलतो. म्हणून तेवढंच सरकवायचं, थांबायचं, पडद्यावरची ‘क्वालिटी’ची पट्टी विचारायची. ‘स्ट्रेंग्थ’वर भरवसा ठेवू नये. एलएनबी जोडलेला असला की ती चुकीच्या दिशेलाही दिसते.

माझा आग्रह असा की ही पट्टी छपरावरच्या माणसाच्या मोबाइलवर दिसावी, निदान तिचा आवाज व्हावा. बॉक्स एलएनबीची वारंवारता विचारतो, तेही मला खटकतं. पर्याय मोजकेच असतात. ते एकेक करून तपासणं यंत्राचं काम आहे, आजीचं नाही.

पावसाळ्यात मात्र सेटिंग बरोबर असूनही चित्र जातं. संकेताची तरंगलांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर आणि कोकणातली सर दाट. थेंब ती ऊर्जा शोषतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र परततं, तोवर छत्रीला हात लावू नये. उघडीप असूनही चित्र येत नसेल तर तारेचं टोक बघावं. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं असतं. जोडावर पाणी न शिरणारी टेप आणि त्याखाली तारेला एक झोल, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

उरला रिमोट. बटण दाबल्यावर सेकंदभर काही घडत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि भलत्याच ठिकाणी पोहोचतो. चुकून ‘सोर्स’ दाबला गेला की मुंबईतल्या मुलाला फोन जातो, ‘अरे, पडदा निळा झालाय.’ एचडीएमआय तारेत यावर उपाय आहे. तिच्यातल्या सीईसी नावाच्या जोडणीने बॉक्स सुरू होताच टीव्ही जागा होतो आणि योग्य सोर्सवर जातो. अर्थात दोन्ही यंत्रांत ती सोय हवी. ती अनेकदा बंद असते आणि प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. गणपतीत घरी येणाऱ्या चाकरमान्याने मेन्यूत शिरून ती तेवढी चालू करून द्यावी.

भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर आत असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलं. असा टीव्ही असेल तर छत्रीची तार थेट त्यालाच लागते. मोफत वाहिन्यांपुरता बॉक्स जातो, त्याचा रिमोट जातो, सोर्सचा घोळही जातो. पैसे भरून घ्यायच्या वाहिन्यांना मात्र अजून कंपनीचाच बॉक्स लागतो.