कृत्रिम गुरुत्व, अवकाशस्थानकातील

अवकाशस्थानक स्वतःभोवती फिरते ठेवून त्यातील माणसांना व वस्तूंना वजनाचा प्रत्यय आणून देण्याच्या योजनेस ‘कृत्रिम गुरुत्व’ म्हणतात. पृथ्वीभोवती फिरणारे स्थानक व त्यातील माणसे एकाच प्रवेगाने पृथ्वीकडे पडत असतात. म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण असूनही वजन जाणवत नाही. या अवस्थेत पायांचे व पाठीचे स्नायू क्षीण होतात. दीर्घ मुक्कामांत वजन पेलणाऱ्या हाडांची खनिज घनता दरमहा सु. १ ते १·५ टक्के घटल्याचे आढळले आहे. व्यायामाने ही झीज कमी होते, पण पूर्णपणे टळत नाही.

तत्त्व : मराठवाड्यात ज्वारीच्या राखणीसाठी फिरविण्यात येणाऱ्या गोफणीतील दगड वर्तुळात फिरतो, कारण दोरी त्यास सतत केंद्राकडे ओढीत असते; दोरीचे एक टोक सोडताच तो स्पर्शरेषेच्या दिशेने निघून जातो. चक्राकार स्थानकात दोरीचे काम बाहेरच्या कड्याची भिंत करते. ती तळपायांना केंद्राकडे रेटते. त्यामुळे भिंतच जमीन वाटते व केंद्राची दिशा ‘वर’ भासते. हा प्रवेग त्रिज्या व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराएवढा असतो. पृथ्वीवरील वजनाइतके वजन भासण्यासाठी मिनिटास १ फेरा असल्यास सु. ८९५ मी., २ फेरे असल्यास सु. २२४ मी. व ४ फेरे असल्यास सु. ५६ मी. त्रिज्या लागते.

अडचणी : लहान चाक वेगाने फिरविल्यास डोके वळविताच अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांना चुकीच्या संवेदना होऊन मळमळ सुटते. कोरिऑलिस परिणामामुळे हातातून सुटलेली वस्तू सरळ पायाशी पडत नाही. शिवाय १० मी. त्रिज्येच्या चाकात १·७ मी. उंचीच्या माणसाच्या डोक्याजवळील प्रवेग पायांजवळच्यापेक्षा १७ टक्के कमी असतो. मोठ्या चाकात हे दोष कमी होतात, पण बांधणी फार खर्चाची होते.

प्रयोग : व्हेर्नर फोन ब्राउन यांनी १९५२ मध्ये सु. ७६ मी. व्यासाचे चक्राकार स्थानक सुचविले. १९६६ मध्ये जेमिनी-११ हे यान अजेना यानाशी ३० मी. लांबीच्या दोराने जोडून फिरविले असता अत्यल्प कृत्रिम गुरुत्व निर्माण झाले. कॉसमॉस-९३६ या सोव्हिएट उपग्रहात १९७७ मध्ये काही उंदीर केंद्रोत्सारक यंत्रात ठेवले होते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या जपानी कक्षात पृथ्वीइतक्या कृत्रिम गुरुत्वात वाढविलेल्या उंदरांच्या हाडांची व स्नायूंची झीज टळल्याचे दिसले. माणसांसाठी फिरते स्थानक मात्र अद्याप उभारले गेलेले नाही. मंगळाच्या प्रवासास एका दिशेने अनेक महिने लागतात. तेथे उतरणाऱ्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे यासाठी किती गुरुत्व पुरेसे आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.