रेचा, जिन आणि चामड्याचा रूळ

यंत्राच्या इतिहासात यंत्रकर्त्याचे नाव टिकते. ते यंत्र रोजच्या रोज चालते ठेवणाऱ्या लहानसहान युक्त्यांचे कर्ते मात्र बहुधा अज्ञात राहतात. वऱ्हाडातील कापसाच्या धंद्यात हे विशेष स्पष्टपणे दिसते, आणि भाषाही त्याची साक्ष देते.

अमरावती-अकोल्याकडे ‘जिनात कामाला जातो’ असे कोणी म्हणतो, तेव्हा ‘जिन’ या शब्दाने त्यास यंत्र नव्हे, तर कारखान्याचे आवार अभिप्रेत असते. इंग्रजीतील मूळ शब्द ‘एंजिन’चे संक्षिप्त रूप असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील बुद्धिचातुर्यवाचक शब्द आहे. चातुर्यापासून युक्ती, युक्तीपासून यंत्र आणि यंत्रापासून इमारत असा हा अर्थविस्तार होय. या प्रवासात मूळची युक्ती मात्र दृष्टीआड झाली.

तत्पूर्वीचा मराठी शब्द ‘रेचा’. रिकामे करणे या अर्थाच्या संस्कृत ‘रिच्’ धातूशी त्याचे नाते जोडता येते; कापसातून सरकी काढून टाकणे हेच त्याचे कार्य. रेच्यातील दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. त्यांच्या फटीतून तंतू पलीकडे ओढला जाई. सरकी मात्र अलीकडेच राही. एकच दांडा फिरवून दोन्ही रूळ चालावेत म्हणून त्यांच्या टोकांशी मळसूत्री दात कोरीत. ही जोडणी प्रथम कोणास सुचली, हे इतिहासास ठाऊक नाही.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदी कापसाची मागणी एकाएकी वाढली, आणि १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला. वाफेवरचे कारखाने आले, तसा हातरेचा मागे पडला. तथापि रुळाचे तत्त्व टिकले. व्हिटनीचे १७९४ चे दातेरी चक्रांचे यंत्र जगप्रसिद्ध असले, तरी भारतात प्राधान्य मिळाले ते फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या रुळाच्या यंत्रास व त्याच्या सुधारित दुहेरी आवृत्तीस. चामड्याचा खरबरीत रूळ तंतू धरून ओढतो. रुळाशी घट्ट टेकलेली स्थिर सुरी सरकीस अडविते आणि हलती सुरी तिला झटकून वेगळी करते. कापसाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा रुई म्हणून हाती येतो.

या यंत्राचा सारा भरवसा रुळाच्या पृष्ठभागावर असतो. चामड्याच्या गोल चकत्या एका दांड्यावर दाबून बसवून रूळ बनतो आणि त्यावर मळसूत्री खाचा पाडतात. काम चालू असता चामडे गुळगुळीत होते, पकड सुटते आणि उत्पादन घटते; म्हणून ठराविक काळाने खाचा पुन्हा पाडाव्या लागतात. रूळ झिजून बारीक झाला की सुऱ्यांचे अंतर नव्याने जुळवावे लागते. ही जुळणी चुकल्यास सरकी फुटते, तिचे कण रुईत मिसळतात आणि रुईची प्रत उतरते. गाठीचा भाव अशा रीतीने कारागिराच्या हातावर अवलंबून असतो.

या युक्तीस दुसरी बाजूही आहे. चकत्यांचे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असल्यामुळे झिजणाऱ्या रुळाची धूळ रुईत आणि कामगारांच्या श्वासात जाते. म्हणूनच १९२४ मध्ये मुंबईस प्रयोगशाळा म्हणून आरंभ झालेल्या व आता केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने क्रोमियमविरहित रबरी रूळ सिद्ध केले. यंत्राचा आराखडा न बदलता केवळ त्याचे आवरण बदलण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु यंत्राशेजारी दिवस काढणाऱ्यास महत्त्व आवरणाचेच.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. ‘रुई’ आणि ‘सरकी’ हे शब्द यंत्र बदलूनही टिकले, कारण ते बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूंची नावे होत. खाच पाडणे, सुरी जुळविणे या क्रियांचे शब्द बाजारात येत नाहीत; ते कामगारांच्या तोंडीच राहतात आणि चामड्याचा रूळ गेला की त्याच्याबरोबर जातील. वऱ्हाडी बोलीची शब्दसूची करणाऱ्याने शेत, घर आणि सण यांच्याइतकेच जिनाचे आवारही धुंडाळले पाहिजे, आणि तेही हंगाम चालू असताना.